चित्रातली वाळू आणि विहिरीतली वाळू

जलभंजन म्हणजे काय हे सांगताना बहुधा एकच चित्र पुढे केले जाते. मध्यभागी एक उभी नळी, तिच्या तळाशी खडकात फांद्यांसारख्या पसरलेल्या फटी, त्या फटींत ओळीने बसवलेले गोल गोल कण आणि कणांच्या मधून विहिरीकडे येणारे बाण. चित्राखालच्या मजकुराचा आशयही ठरलेला असतो: मोठ्या दाबाने द्रव सोडून खडकाला फटी पाडतात, द्रवाबरोबर वाळू आत जाते, दाब काढल्यावर ही वाळू फटी मिटू देत नाही आणि तेल बाहेर येऊ लागते. तेलविहिरींसाठी काढलेले हे चित्र आता आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या विंधण विहिरींवर केल्या जाणाऱ्या जलभंजनाची ओळख करून देतानाही सर्रास वापरले जाते.

या लेखात आम्ही या चित्राचे परीक्षण करणार आहोत. चित्रातले कोणतेही विधान साफ खोटे आहे, असे आमचे म्हणणे नाही. आमचा आक्षेप एवढाच आहे की या चित्रातले कण हलत नाहीत. प्रत्यक्षात ते आत जाताना हलतात, आत गेल्यावर हलतात आणि सर्व यंत्रसामग्री उचलून नेल्यानंतरही हलत राहतात. विहीर चांगली चालणार की बिघडणार, हे बऱ्याच अंशी या हालचालीवर ठरते. ती वगळली की विद्यार्थ्याच्या हाती एक सुबक आकृती उरते आणि तीमागचे भौतिकी निसटते. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातील वालूरसारख्या गावात तर हे चित्र विद्यार्थ्याला नेमक्या उलट्या निष्कर्षाकडे नेऊ शकते. ते कसे, हे पाहण्यासाठी आधी मूळ तंत्राकडे वळले पाहिजे.

चित्राची बाजू

प्रथम चित्राची बाजू मांडू. १९४७ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या ह्युगोटन वायुक्षेत्रात जलभंजनाचा पहिला प्रयोग झाला. त्या वेळी दाट केलेले पेट्रोल आणि नदीची वाळू वापरली होती. त्या विहिरीचे उत्पादन फारसे वाढले नाही. तरी तंत्रात तथ्य आहे हे अभियंत्यांच्या लक्षात आले आणि १९४९ च्या मार्चमध्ये ओक्लाहोमा व टेक्सास येथे त्याचा व्यापारी वापर सुरू झाला. पुढे आडव्या विहिरी आल्या आणि आज अशा एकेका विहिरीत हजारो टन वाळू सोडली जाते.

तीन हजार मीटर खोलीवर वरच्या खडकाचे वजन वातावरणीय दाबाच्या सातशे पटींच्या आसपास भरते. फट मिटवू पाहणारा बाजूचा दाब याहून काहीसा कमी असला, तरी तोही प्रचंडच. एवढ्या ओझ्याखाली फट उघडी ठेवायची तर तीत टेकू हवा. वाळू हा टेकू आहे ही कल्पना बरोबर आहे आणि चित्र ती एका दृष्टिक्षेपात पोचवते. त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

अडचण सुरू होते ती प्रमाणापासून. फटीची रुंदी काही मिलिमीटर असते, लांबी शंभर मीटर किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे लांबी रुंदीच्या वीस हजार पट वगैरे. चित्रात ही फट गाजराएवढी जाड काढावी लागते, नाहीतर ती दिसणारच नाही. परंतु त्यामुळे एक प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उद्भवतच नाही: बोटाहून अरुंद अशा कपारीत, वाळूचा पाण्यापेक्षा अडीच पट जड कण शंभर मीटर आडवा जाईलच कशाला? तो वाटेतच खाली का बसणार नाही?

स्टोक्सचा नियम: कोठवर?

उच्च माध्यमिक वर्गात स्टोक्सचा नियम शिकवला जातो. १८५१ सालचा हा नियम सांगतो की, द्रवात पडणाऱ्या लहान गोलकाचा अंतिम वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि द्रवाच्या श्यानतेच्या, म्हणजे दाटपणाच्या, व्यस्त प्रमाणात असतो. ग्लिसरीनने भरलेल्या उभ्या नळीत छर्रे सोडून त्याची पडताळणीही केली जाते. आता हाच नियम जलभंजनाच्या वाळूला लावून पाहू. या वाळूचा कण साधारण ०.४ ते ०.८ मिलिमीटर असतो. ०.६ मिलिमीटर व्यास, वाळूची घनता २६५० किलोग्रॅम प्रतिघनमीटर आणि साधे पाणी घेतले तर सूत्रातून उत्तर येते सेकंदाला सुमारे ३२ सेंटिमीटर.

हे उत्तर चूक आहे. एवढ्या वेगाला रेनल्ड्स अंक दोनशेच्या जवळ जातो आणि स्टोक्सचा नियम तर हा अंक एकापेक्षा कमी असतानाच विश्वासार्ह आहे. कणामागे भोवरे तयार होतात, रोध वाढतो, आणि प्रत्यक्षात असा कण सेकंदाला ९ सेंटिमीटरच्या आसपास वेगाने पडतो. सूत्राने साडेतीन पट जास्त वेग सांगितला! आकडे घालून उत्तर काढण्याच्या सवयीत नियमाची हद्द तपासायची राहून जाते, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही.

गंमत अशी की, द्रव दाट केला की तोच नियम पुन्हा खरा ठरतो. पाण्यात गवारीच्या बियांपासून काढलेला डिंक, म्हणजे ग्वार गम, मिसळून त्याची श्यानता शंभरपट केली, तर त्याच कणाचा वेग सेकंदाला ३ मिलिमीटरवर येतो आणि रेनल्ड्स अंक ०.०२ इतका खाली जातो. आता स्टोक्सवर विसंबायला हरकत नाही. फट २० मीटर उंच असेल, तर तिच्या माथ्यावरचा कण पाण्यात चार मिनिटांच्या आत तळाला बसेल, आणि डिंकाच्या द्रावात त्याला पावणेदोन तास लागतील. वाळू आत ढकलण्याचे काम साधारण तास-दोन तास चालते हे लक्षात घेतले, म्हणजे तेलविहिरीच्या धंद्याला गवारीची गरज का पडली ते उमगते. जगातील बहुतांश गवार भारतात, विशेषतः राजस्थान व हरियाणात, पिकते. २०११-१२ मध्ये अमेरिकेत जलभंजनाचा जोर वाढला तेव्हा गवार बियांचे भाव इतके भडकले की २०१२ च्या मार्चमध्ये त्यांचे वायदे व्यवहार थांबवावे लागले. राजस्थानातल्या शेतकऱ्याचा भाव एका परीने स्टोक्सच्या सूत्रातल्या भाजकावर ठरला होता, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

कण एकटा पडत नाही, ही आणखी एक अडचण. शेजारी इतर कण असले की पडणारा प्रत्येक कण आपल्या जागचे पाणी वर ढकलतो आणि ते पाणी दुसऱ्याला अडवते. रिचर्डसन आणि झाकी यांनी १९५४ मध्ये दिलेल्या संबंधाप्रमाणे मिश्रणात आकारमानाने २० टक्के बारीक कण असले, तर बसण्याचा वेग एकट्या कणाच्या वेगाच्या जवळजवळ एकतृतीयांश होतो. पुढे फटीच्या दोन भिंतींचा रोध आहेच. एका छर्र्याच्या प्रयोगावरून लाखो कणांच्या लोंढ्याबद्दल बोलायचे असेल, तर या पायऱ्या गाळून चालत नाही.

१९५९ चा एक प्रयोग

या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग केर्न, पर्किन्स आणि वायंट या तिघांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. कल्पना अगदी साधी. दोन पारदर्शक पाट्या थोड्या अंतरावर समांतर उभ्या करायच्या, म्हणजे झाली कृत्रिम फट. तिच्या एका टोकाने वाळूमिश्रित द्रव सोडायचा आणि बाजूने पाहत राहायचे.

त्यांना दिसले ते असे. पातळ द्रवातली वाळू तोंडाशीच खाली बसू लागते व तिचा ढीग होतो. ढीग उंच होतो तशी त्याच्या वरची मोकळी जागा अरुंद होते आणि प्रवाह तितकाच असल्याने तेथला वेग वाढतो. एका विशिष्ट उंचीवर हा वेग इतका होतो की नव्याने येणारे कण ढिगावर टिकत नाहीत. ते त्याच्या पाठीवरून घरंगळत, उड्या मारत पुढे जातात आणि ढिगाच्या पलीकडच्या उतारावर विसावतात. ढीग उंच व्हायचा थांबतो आणि लांब होऊ लागतो. परिणाम सामान्य समजुतीच्या उलट आहे: आधी सोडलेली वाळू विहिरीजवळ राहते आणि मागून सोडलेली वाळू तिला ओलांडून दूर जाते. वाळवंटातली वाऱ्याची वाळू किंवा ओढ्याच्या तळातली वाळूची पट्टी अशीच सरकते.

या प्रयोगाचे गुण स्पष्ट आहेत. कण प्रवाहाला आकार देतात आणि प्रवाह कणांना, हे परस्परावलंबन त्याने डोळ्यांना दाखवले. नेहमीच्या चित्रात नेमके हेच नाही. पण प्रयोगाच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. पाट्या गुळगुळीत, समांतर आणि उभ्या होत्या. खऱ्या फटीच्या भिंती खडबडीत असतात, फट वळते, तिला फाटे फुटतात, तिच्या भिंतींतून द्रव खडकात झिरपतो आणि उरलेले मिश्रण अधिकाधिक दाट होत जाते. मुख्य म्हणजे, पाट्या जवळ येत नव्हत्या. दाब काढल्यावर मिटू पाहणारी फट या प्रयोगात नाही. म्हणून वाळू आत कशी जाते याचे उत्तर तो देतो. तिचे पुढे काय होते याबद्दल तो गप्प आहे.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बार्नेट शेलमध्ये दाट द्रावाऐवजी जवळजवळ साध्या पाण्याने भंजन करण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीचा हा ढीग पुन्हा महत्त्वाचा ठरला. पाण्यात वाळू लवकर बसते. मग ती पुढे जाणार ती अशी ढिगाच्या पाठीवरूनच.

पंप थांबल्यानंतर

आता चित्र जेथे संपते तेथे येऊ. पंप थांबला, दाब उतरला, फट वाळूवर मिटली. विहीर उघडली की आत सोडलेला द्रव परत येऊ लागतो, त्यामागून तेल किंवा वायू. आता प्रवाहाची दिशा उलटी आहे. टेकूच्या वाळूला विहिरीकडे खेचणारी ओढ निर्माण झाली आहे.

वाळू टिकते ती दोन कारणांनी. एक, खडकाच्या दाबाने ती चिमटीत धरलेली असते. दुसरे, कण एकमेकांना टेकून लहान लहान कमानी करतात. दगडी पुलाच्या कमानीप्रमाणे या कमानी ओझ्यानेच घट्ट होतात. फटीची रुंदी पाच-सहा कणांच्या आत असेल तर कमान टिकते, त्याहून रुंद फटीत ती ढासळू लागते. फट जितकी रुंद तितकी चांगली, असा समज चित्र पाहून होतो. येथे तो उलटतो.

ओढ सर्वांत जास्त कोठे? विहिरीच्या तोंडाशी. सर्व दिशांनी येणारा प्रवाह तेथे एकवटतो, म्हणून वेग तेथे सर्वाधिक. पहिले कण तेथूनच सुटतात. आणि तोंडाजवळची वाळू गेली की फटीचे ओठ मिटतात. मागे शंभर मीटर उत्तम भरलेली फट असली तरी तिचा विहिरीशी संबंध तुटतो. गमावलेली वाळू एकूण वाळूच्या मानाने क्षुल्लक, पण नुकसान मोठे. यावर उपाय म्हणून शेवटच्या खेपेला राळेचा लेप दिलेली वाळू सोडतात. ती खोलीवरच्या उष्णतेने एकमेकींना चिकटते. दुसरा उपाय म्हणजे विहीर एकदम न उघडता हळूहळू उघडणे. धीर धरणे हेही येथे एक तंत्र आहे.

सुटलेले कण विहिरीतून वर येतात तेव्हा त्यांची दुसरी करामत सुरू होते. विहिरीच्या तोंडावर प्रवाह नियंत्रित करणारी अरुंद झडप, म्हणजे चोक, असते. तेथे वेग प्रचंड वाढतो आणि वाळू पोलाद खरवडते. ही झीज वेगाच्या वर्गापेक्षाही जलद वाढते. वेग दुप्पट झाला तर झीज चौपटीहून अधिक. म्हणूनच चोकच्या आधी वाळू अडवणारी भांडी बसवतात.

पण वर येणारी वाळू म्हणजे सुटलेली सगळी वाळू नव्हे. आडव्या विहिरीत प्रवाह मंदावला की कण नळीच्या तळाशी बसतात, त्यांच्या वाळवंटातल्यासारख्या टेकड्या होतात आणि प्रवाह वाढला की त्या एकदम लोंढ्याने निघतात. आज वाळू आली नाही, म्हणजे वाळू हलली नाही, असे अनुमान काढता येत नाही. हा मुद्दा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या गावातल्या हातपंपालाही जसाच्या तसा लागू आहे.

वालूरचा खडक आणि वालूरचे पाणी

वालूर दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर. अखंड बेसाल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते वरच्या मुरमात, थरांच्या सांध्यांत आणि फटींत असते. विंधण विहीर अशा फटीला लागली तर पाणी, नाही लागली तर धूळ. गावात चक्राकार उतरणाऱ्या पायऱ्यांची एक प्रसिद्ध जुनी बारव आहे. ती गाळाने व कचऱ्याने बुजली होती. २०२१ च्या सुमारास ग्रामस्थांनी श्रमदानाने ती मोकळी केली. बारवेतला गाळ डोळ्यांना दिसतो, टोपल्यांनी उपसता येतो. दीडशे मिलिमीटर व्यासाच्या बोअरमधला गाळ दिसत नाही. फरक एवढाच, गाळ बसण्याचा नियम दोन्हीकडे एकच.

महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पिण्याच्या पाण्याच्या कमी चालणाऱ्या विंधण विहिरींसाठी जलभंजनाचे तंत्र वापरते. बोअरमध्ये कठीण पाषाणाच्या भागात फुगणारे रबरी बूच बसवतात, त्याखाली मोठ्या दाबाने पाणी सोडतात, दाब चढत जातो आणि अचानक घसरतो. तो घसरला की समजावे, एखादी बुजलेली फट मोकळी झाली किंवा नवी जोडली गेली. मग पाणी उपसून बोअर साफ करतात.

वाचकांच्या लक्षात आले असेल: येथे सामान्यतः वाळू सोडतच नाहीत. त्याची गरजही कमी आहे. साठ मीटर खोलीवर वरच्या खडकाचे ओझे वातावरणीय दाबाच्या सोळा-सतरा पट भरते. तीन हजार मीटरवरच्या ओझ्याच्या मानाने ते अगदी किरकोळ. कठीण पाषाणाच्या खडबडीत भिंती जराशा सरकल्या की एकीचे उंचवटे दुसरीच्या खळग्यांत पुन्हा नेमके बसत नाहीत आणि फट आपल्याच खडबडीतपणावर उघडी राहते. म्हणजे तेलविहिरीत कण आत घालायचे व आतच राखायचे असतात. बेसाल्टच्या बोअरमध्ये फटींत अडकलेली माती व गाळ बाहेर काढायचा असतो. एकच शब्द, एकच चित्र, पण कणाचे भवितव्य नेमके उलटे. तेलविहिरीचे चित्र वालूरच्या शाळेत फळ्यावर काढले, तर मुलांना वाटेल की कण हे फटीचे मित्र. त्यांच्या गावच्या बोअरमध्ये ते शत्रू आहेत. याच चित्रामुळे कोणाला गावच्या जलभंजनात तेलविहिरीतली रसायने वापरली जात असावीत अशी शंका येते. येथे काम साध्या पाण्यावर चालते, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

आता थोडे गणित करू. इंडिया मार्क दोन हा हातपंप (त्याच्या पूर्वजांत शेजारच्या जालन्याचा आणि सोलापूरचा पंप येतो, हे मुलांना सांगण्यासारखे आहे) मिनिटाला साधारण १२ लिटर पाणी देतो. दीडशे मिलिमीटरच्या बोअरमध्ये पंपाच्या खाली पाणी वर सरकते ते सेकंदाला केवळ १.१ सेंटिमीटर वेगाने. ३२ मिलिमीटरच्या चढत्या नळीत तेच पाणी सेकंदाला सरासरी २५ सेंटिमीटर वेगाने जाते. समजा, बोअरला २ मिलिमीटर उघडी, सर्व बाजूंना पसरलेली एक आडवी फट पाणी पुरवते. बोअरच्या कडेला त्या फटीतला वेग सेकंदाला २१ सेंटिमीटर भरतो. पाच मीटर दूर तोच वेग जेमतेम ३ मिलिमीटर असतो.

या चार आकड्यांत संपूर्ण गोष्ट आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा वाळूचा कण फटीच्या तोंडाशी असला तर २१ सेंटिमीटरचा वेग त्याला घरंगळत बोअरमध्ये आणील. पण बोअरमध्ये पाणी चढते १.१ सेंटिमीटरने आणि कण पडतो ९ सेंटिमीटरने. तो तळाला जाणार. ०.०५ मिलिमीटरचा गाळाचा कण पडतो सेकंदाला सव्वादोन मिलिमीटर. तो पाण्याबरोबर वर चढून हापशातून बाहेर येणार. म्हणजे हापशाचे पाणी हा फटीतून निघालेल्या कणांचा चाळलेला नमुना आहे. जाड कण चाळणीखाली, बोअरच्या तळाशी, साचत आहेत आणि वरून पाहणाऱ्याला पाणी निवळ दिसते आहे. तळ असा वर येत येत एक दिवस खालच्या फटीच्या तोंडाला लागतो. मग 'बोअर आटली' असे आपण म्हणतो.

फटीतला पाच मीटरपलीकडचा गाळ तर या मंद प्रवाहाने जागचा हलतही नाही. तो सैल होऊन पुढे सरकला, तर जेथे फट अरुंद आहे तेथे अडकून पुन्हा बूच होऊ शकतो. म्हणून भंजनानंतर बोअर किती वेळ आणि किती जोराने साफ केली, यावर त्या भंजनाचे यश फार अवलंबून असते. भंजनाच्या दिवशी पाणी वाढले की काम यशस्वी झाले असे मानण्याची पद्धत आम्हांला म्हणूनच अपुरी वाटते. त्या दिवसाचे माप फट उघडल्याचे आहे; ती उघडी राहिल्याचे माप सहा महिन्यांनी, उन्हाळ्यात, घ्यावे लागेल. टंचाईच्या गावात एका बोअरवर किती घरे अवलंबून असतात हे लक्षात घेता हे दुसरे माप टाळणे परवडणारे नाही.

शिक्षकांनी काय करावे?

चित्र टाकून द्यावे असे आम्ही म्हणणार नाही. त्याला तीन पुरवण्या जोडाव्यात.

पहिली, वर्गातला पाट्यांचा प्रयोग. साधारण हातभर लांबीच्या दोन काचा किंवा अॅक्रिलिकच्या पाट्या घ्याव्यात, कडेने सायकलच्या ट्यूबची पट्टी देऊन त्या चिमट्यांनी आवळाव्यात, एका टोकाला नळी आणि दुसऱ्या टोकाला पाणी जाण्यास वाट ठेवावी. पाण्याबरोबर आधी साधी वाळू आणि मग तितकीच रंगीत वाळू सोडावी. कोणता रंग कोठे बसतो ते मुलांना काढायला लावावे. नंतर पाण्याऐवजी पातळ खळ वापरून तेच करावे. खळीचा दाटपणा थोडा वाढवला की ढीग कसा बदलतो, ते पाहण्यासारखे असते.

दुसरी, बाटलीची चाचणी. एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत हापशाचे पाणी भरून ठेवावे. सुमारे ३० सेंटिमीटर उंचीच्या बाटलीत वाळू काही सेकंदांत बसते, ०.०१ मिलिमीटरचा गाळ सुमारे तासाभरात आणि ०.००२ मिलिमीटरची चिकणमाती जवळजवळ एका दिवसाने. म्हणून पहिल्या मिनिटाला, तासाने आणि दुसऱ्या दिवशी, अशा तीन वेळा तळाची खूण करावी. नमुना कधी घेतला हेही महत्त्वाचे. फट पंपाच्या २० मीटर खाली असेल, तर तिच्यातले पाणी बोअरमधून पंपापर्यंत यायला अर्धा तास लागतो. पहिल्या घागरीचे पाणी रात्रभर साठून निवळलेले असते. ते फटीबद्दल काहीच सांगत नाही. सकाळी रांग लागून हापसा सलग चालला असेल, तेव्हाचा नमुना घ्यावा. शाळेने दर महिन्याला अशी एक नोंद ठेवली, तर दोन-तीन वर्षांत गावच्या बोअरचा असा इतिहास तयार होईल, जो बहुतेक ठिकाणी कोणाजवळच नसतो.

तिसरी, खोलीची नोंद. पंप दुरुस्तीसाठी वर काढला जातो तेव्हा, दुरुस्ती करणाऱ्यांच्या मदतीने, वजन बांधलेली दोरी सोडून तळ किती खोल आहे ते मोजून घ्यावे आणि बोअर घेतली त्या वेळच्या खोलीशी ताडून पाहावे. दोन्हींतला फरक म्हणजे बाटलीत कधीच न आलेल्या जाड कणांचा ढीग.

या तिन्ही गोष्टींना प्रयोगशाळा लागत नाही. वेळापत्रक आणि चिकाटी लागते. त्यातून विद्यार्थी एक गोष्ट नक्की शिकेल: सूत्र कोठवर चालते हे सूत्राइतकेच महत्त्वाचे असते आणि जे वर आले तेवढेच खाली होते असे मानता येत नाही. फळ्यावरच्या चित्रात कण काढताना प्रत्येकाला एक छोटा बाण जोडावा. तो बाण कोणत्या दिशेला काढायचा, हा प्रश्न वर्गाला विचारला की धडा तेथून सुरू होईल.